बिब्ब्याचा गुण आणि डबीवरील भाषा

देशी औषधाने गुण आला नाही तरी अपाय होत नाही, ही समजूत नांदेड-लातूरकडे गावोगाव ऐकू येते. ती आयुर्वेदाच्याच विरुद्ध आहे, हे आयुर्वेदाचे अभिमानी या नात्याने आम्हांस सांगणे भाग आहे. वाग्भटाने गुरु-लघु, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष इत्यादी वीस गुण सांगितले, ते द्रव्ये निरुपद्रवी आहेत म्हणून काय? ज्या द्रव्याच्या अंगी गुण आहे ते अस्थानी योजले तर अपाय करणारच.

किनवट-माहूरकडील रानांतला बिब्बा घ्या. हा उष्ण व तीक्ष्ण. परीट त्याच्या रसाने कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करीत. तोच रस अंगास लागला तर फोड उठतात. चरकाने त्याला अग्नीची उपमा दिली आणि विधिपूर्वक योजल्यास अमृततुल्यही म्हटले. तो विधी म्हणजे विटेच्या चुऱ्यात चोळून शोधन, मात्रा हळूहळू वाढविणे आणि पित्तप्रकृतीच्या माणसास व उन्हाळ्यात वर्ज्य करणे. आमच्याकडे मात्र ऐन वैशाखात, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, प्रकृती न पाहता बिब्बा पोटात घेणारे आढळतात, आणि पुढे अंगाची आग झाली म्हणजे दोष शास्त्रास लागतो!

कायद्याने हे ओळखले आहे. १९४५ च्या औषधनियमांतील ‘ई-१’ या अनुसूचीत बचनाग, धोतरा, कुचला यांच्या पंक्तीस भल्लातक आहे. अशा द्रव्याचे पोटात घेण्याचे तयार औषध असेल, तर वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे असा इशारा डबीवर छापलाच पाहिजे, असे १६१ वा नियम सांगतो. पण कोणत्या भाषेत? इंग्रजीत व हिंदीत. निजामी अमदानीत कोर्टाचा उर्दू कागद दुसऱ्याकडून वाचवून घेणाऱ्या आमच्या शेतकऱ्याची त्या राज्यातून १९४८ साली सुटका झाली. परंतु प्राणाशी गाठ असलेला हा इशारा त्याच्या भाषेत असावा, अशी सक्ती अद्याप नाही. हिंदीची लिपी तीच आहे, असे कोणी म्हणेल. लिपी वाचता आली म्हणून औषधाचा इशारा उमगतोच असे नाही, हे ज्याने वकिली केली आहे त्यास सांगावयास नको. शिवाय हा नियम तयार औषधाच्या डबीपुरता. काष्ठौषधीच्या दुकानांतून सुटा मिळणारा बिब्बा कागदाच्या पुडीत मुकाच घरी येतो.

महाराष्ट्र सरकारने हा इशारा मराठीतही छापण्याची सक्ती व्हावी म्हणून केंद्राकडे नियमदुरुस्ती मागावी. त्यात दिल्लीकरांनी बिब्बा घालू नये. तोपर्यंत नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाने ‘ई-१’ मधील द्रव्यांचे गुण, मात्रा व वर्ज्यावर्ज्य सांगणारे एक पत्रक सोप्या मराठीत काढून बाजाराच्या गावी वाटावे.