टेबलमधला एक कॉलम

मानवाधिकार म्हटलं की आपल्याला युनो आठवते, डेटाबेस नाही. तिआनानमेनला १५ वर्षं होताना काय छापू नये, हा सरकारी आदेश चिनी पत्रकार शी ताओ यांनी २००४ मध्ये याहूच्या ईमेलवरून परदेशी पाठवला. याहूने त्या खात्याची माहिती सरकारला दिली. २००५ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. सुटका थेट २०१३ मध्ये! कंपनी म्हणाली, स्थानिक कायदा पाळला. असेलही. पण जी माहिती साठवलीच नाही, ती देताही येत नाही. म्हणून डिझाइन रिव्ह्यूत एवढं तरी विचारूया: हा आयपी अ‍ॅड्रेस कशाला हवाय, आणि किती दिवस? मोर्चा काढायला वेळ नसेल आपल्याला, पण टेबलमधला एक कॉलम नक्की काढता येतो.