‘आधीचे आजार होते’ हे उत्तर नव्हे

करोनाने कोणी गेले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "त्यांना आधीचे काही होते का?" शुगर होती, बीपी होते असे कळले की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. आजार त्यांना होता, मला नाही. म्हणजे मी सुरक्षित! या समजुतीने दुहेरी नुकसान केले आहे. मधुमेह असलेल्याने नशिबावर हवाला ठेवला, आणि ज्याने कधी शुगर तपासलीच नाही तो स्वतःला निरोगी समजून बसला.

आधी वस्तुस्थिती पाहू. मृत्यूचा धोका वाढवणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे वय. २०२० साली इंग्लंडमधील १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पन्नाशीतल्या लोकांच्या तुलनेत ऐंशीच्या पुढच्यांचा धोका २० पटींहून अधिक निघाला. पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त. त्याखेरीज लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार, किडनीचे व फुप्फुसांचे जुनाट आजार, कर्करोग आणि अवयव प्रत्यारोपण.

आता याच अभ्यासातली जी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, ती वाचा. मधुमेह ताब्यात असलेल्यांचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे १.३ पट होता. ताब्यात नसलेल्यांचा जवळजवळ दुप्पट. म्हणून ‘मधुमेह होता का’ एवढे विचारून भागत नाही. ‘तो ताब्यात होता का’ हे विचारायला हवे. वय तुमच्या हातात नाही, शुगर बऱ्याच अंशी आहे.

आणि काही धोके तर आपण स्वतःच तयार केले.

पहिला, उशीर. या आजारात ऑक्सिजन घसरला तरी अनेकांना दम लागल्याचे जाणवत नाही. रुग्ण गप्पा मारतो, चहा पितो आणि ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेलेला असतो. ‘अजून एक दिवस बघू’ म्हणण्यात मौल्यवान वेळ जातो.

दुसरा, स्टिरॉइडचा मनमानी वापर. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काहीही फायदा झाला नाही. तरीही २०२१ मध्ये तापाच्या पहिल्या दिवसापासून, व्हॉट्सॅपवर फिरणारी चिठ्ठी दाखवून लोकांनी या गोळ्या घेतल्या. आधीच चढलेली शुगर आणखी भडकली, आणि म्युकरमायकोसिसला रान मोकळे मिळाले.

तिसरा, चुकीच्या गोष्टीमागे धावणे. रेमडेसिविरमुळे मृत्यू कमी झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत दिसले नाही, हे ऑक्टोबर २०२० मध्येच जाहीर झाले होते. सहा महिन्यांनी त्याच इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्रभर रांगेत उभे होते. घरातल्या साठीच्या आजीला लस द्यायला मात्र त्यातल्या अनेक घरांत ‘सवड’ झाली नव्हती. १ मार्च २०२१ पासून ती त्यांना उपलब्ध होती.

तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, धडधाकट तरुणही गेलेच की!" गेले, हे खरे. धोका म्हणजे शक्यता; तो नाही म्हणून अभय मिळत नाही आणि आहे म्हणून मरण ठरत नाही. पावसात छत्री असलेलाही कधी भिजतो, म्हणून कोणी छत्री फेकून देत नाही.

तेव्हा चाळिशी ओलांडली असेल तर शुगर, बीपी आणि वजन तपासा. औषधे ‘आता बरे वाटते’ म्हणून परस्पर बंद करू नका. आणि यापुढे कोणी ‘आधीचे आजार होते’ म्हणून विषय संपवला, तर तिथे थांबू नका. शुगर किती होती? लस घेतली होती का? रुग्णालयात कितव्या दिवशी आणले? तेव्हा ऑक्सिजन किती होता? खरी कारणे या उत्तरांत सापडतील, आणि पुढचा रुग्ण वाचवायला तीच उपयोगी पडतील.