फक्त बोलण्यापुरता पॅक हवा

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

महोदय,

2024 च्या जूनअखेरीस जिओने दरवाढ जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी एअरटेल व व्होडाफोन आयडियानेही. जुलै उजाडताच जिओचा 28 दिवसांचा 155 रुपयांचा पॅक 189 ला गेला, एअरटेलचा 179 चा 199 ला. नंबर पोर्ट करायची मुभा ग्राहकाला 2011 पासून आहे. पण सगळीकडेच भाव चढला, तर पोर्ट करून जायचे कुठे?

दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना ट्रायनेच दिली आणि तेव्हा ती योग्य होती. मुंबईत लूप होते, इतरत्र एअरसेल, टाटा डोकोमो, युनिनॉर. त्या चढाओढीत 2009 मध्ये कॉलचा दर सेकंदाला एक पैशावर उतरला. पुढे जिओ आले, 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, बाकीच्यांनी गाशा गुंडाळला. आज खासगी कंपन्या तीनच उरल्या आहेत. मोकळीक मात्र तेव्हाचीच आहे.

5जीला पैसा लागतो, हे खरे. पण साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या शेतमजुराने किंवा गावी एकट्या राहणाऱ्या आजीने डेटाचा भार का उचलावा?

हे ओळखूनच ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक सक्तीचे केले. पाऊल मोलाचे होते. कंपन्यांनी जानेवारीत पॅक आणले, ट्राय दर तपासणार म्हटल्यावर ते थोडे उतरवलेही: जिओचा 448, एअरटेलचा 469. दोन्ही 84 दिवसांचे! ज्याच्याकडे एकदम पावणेपाचशे रुपये आहेत, त्याला एअरटेलवर दिवस साडेपाच रुपयांना पडतो. ज्याला 28 दिवसांचा 199 चाच परवडतो, त्याला सात रुपयांहून जास्त. ज्याची मिळकत कमी, त्यालाच बोलणे महाग.

28 दिवसांच्या हिशेबामुळे वर्षाला तेरा रिचार्ज करावे लागतात, म्हणून 2022 मध्ये ट्रायनेच 30 दिवसांचा पॅक बंधनकारक केला होता. तसाच नियम इथेही करावा: फक्त कॉल-एसएमएसचा 30 दिवसांचा पॅक, आणि त्याचा रोजचा दर 84 दिवसांच्या पॅकहून जास्त नको.

दूरसंचारातले स्पर्धेचे प्रश्न आधी ट्रायने तपासावेत, स्पर्धा आयोगाने नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले आहे. दर ठरवण्याचा अधिकारही 1997 च्या कायद्याने ट्रायकडे आहे. तेव्हा पुढची दरवाढ येण्याआधीच तिन्ही कंपन्यांकडून खर्चाचा हिशेब मागवावा आणि तो ग्राहकांसमोर ठेवावा.