ट्रॅक्टर स्वस्त झाला, पण लोडरच्या होज पाइपचे काय?

ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर, हायड्रॉलिक पंप आणि इतर काही ठरावीक सुट्या भागांवरील करही १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. कराआधीची किंमत ५ लाख रुपये असलेला लहान ट्रॅक्टर घेतला, तर पूर्वी ६० हजार रुपये कर पडत होता, तो आता २५ हजार पडतो. म्हणजे ३५ हजार रुपये वाचतात. तेव्हापासून शेतकऱ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो, ‘वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून पुढचा लोडर बसवून घेऊ का?’

ज्याच्याकडे दहा-पंधरा जनावरे आहेत, दरवर्षी शेणखत भरायचे आहे आणि मजूर मिळत नाही, त्याच्यासाठी लोडर कामाचा आहे. मात्र लोडर घेताना बकेट किती मोठी आणि किती किलो उचलते एवढेच पाहिले जाते. ते वजन ज्याच्या जोरावर उचलले जाते, तो रबरी होज पाइप कोणी पाहत नाही. हंगामात काम थांबते ते बहुतेक वेळा त्याच पाइपमुळे.

खरेदी सोपी, देखभाल ज्याची त्याला

केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. त्यातून शेतकऱ्याच्या प्रवर्गानुसार यंत्रावर साधारण ४० ते ५० टक्के अनुदान मिळते, आपल्याकडे त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज होतो. करकपात आणि अनुदान, दोन्ही खरेदीच्या वेळी उपयोगी पडतात. त्यानंतर यंत्र किती तास चालले आणि किती दिवस बंद पडून राहिले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. यांत्रिकीकरणाचा खरा फायदा मात्र त्याच हिशेबात आहे.

गेल्या मे महिन्यात एका दुग्ध व्यावसायिक शेतकऱ्याकडे माती परीक्षणाच्या कामासाठी गेलो होतो. उकिरड्यावरून शेणखत भरणे चालू होते. बकेटच्या सिलिंडरकडे जाणारा पाइप फुटला आणि तेलाचा फवारा उडाला. रविवार असल्याने तालुक्यातले पाइप प्रेस करणारे दुकान बंद. सोमवारी पाइप तयार झाला, पण तो आखूड निघाला. मंगळवारी वळवाचा पाऊस आला, रान ओले झाले आणि अर्धे खत उकिरड्यावरच राहिले. जुना पाइप हातात घेऊन पाहिला, तर लोडरच्या भुजेच्या कडेला घासून त्याचे रबर उडाले होते आणि आतली तार गंजली होती. हे एका दिवसात झालेले नव्हते. महिनाभर रोज डोळ्यांसमोर होते.

पाइप का फुटतो?

हायड्रॉलिक होज पाइपचे तीन थर असतात. आत तेल सहन करणारी रबरी नळी, मध्ये पोलादी तारेची जाळी आणि बाहेर संरक्षक रबर. दाब पेलण्याचे काम तारेची जाळी करते. बाहेरचे रबर तिला पाणी, चिखल आणि घर्षणापासून वाचवते. म्हणून बाहेरचे रबर उडून तार दिसू लागली, की पाइपचे आयुष्य संपत आले असे समजावे. तेल गळत नाही म्हणून पाइप चांगला आहे, हा समज चुकीचा आहे.

लहान ट्रॅक्टरच्या लोडरमध्ये साधारण १५० ते २०० बार दाब असतो. भरलेली बकेट एकदम खाली सोडून झटक्यात थांबवली किंवा बकेट दगडाला धडकली, की क्षणभर दाब त्याहून वर जातो. असे झटके रोज बसले, की जाळीची तार थकते. याशिवाय पाइप खराब होण्याची नेहमीची कारणे अशी :

- घर्षण : भुजेचा सांधा, फ्रेमची कड आणि दोन पाइप एकमेकांवर घासतात ती जागा.
- पीळ : नट आवळताना पाइपही फिरतो. पाइपवर छापलेली लांब रेघ सरळ दिसली पाहिजे, ती मळसूत्रासारखी फिरलेली दिसली तर पाइपला पीळ पडला आहे.
- तीव्र वळण : दुहेरी जाळीच्या ३/८ इंची पाइपला किमान १३० मि.मी. आणि १/२ इंची पाइपला १८० मि.मी. त्रिज्येचे वळण लागते. यापेक्षा कमी जागेत वळवला तर तो नटाजवळ चिरतो.
- ओढ : दाबाखाली पाइप आखडतो. १ मीटरचा पाइप ४ सें.मी.पर्यंत आखडू शकतो. मापात घट्ट बसवलेला पाइप म्हणूनच नटाजवळ निसटतो.
- उष्णता : सायलेन्सरजवळून गेलेला पाइप कडक होतो आणि त्याला बारीक भेगा पडतात.
- शेण, मूत्र आणि खत : यांमुळे पाइपच्या टोकाचे लोखंडी नट आणि निपल गंजतात.
- उंदीर : पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरचे पाइप कुरतडले जातात.

पाइप वाचवण्याचे सोपे उपाय

लोडर नवीन असतानाच, बकेट रिकामी ठेवून, भुजा पूर्ण वर-खाली आणि बकेट पूर्ण पुढे-मागे करून पाहावी. चालकाने लिव्हर हाताळावा आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित अंतरावर उभे राहून पाइप कुठे घासतो, कुठे ताणतो ते पाहावे. वर उचललेल्या बकेटखाली किंवा भुजेखाली कोणीही जाऊ नये.

जिथे पाइप घासतो तिथे प्लॅस्टिकचे स्पायरल गार्ड किंवा नायलॉनची जाड बाही चढवावी. ते मिळाले नाही तर जुन्या होज पाइपचा तुकडा उभा चिरून तेवढ्या भागावर बसवला तरी चालते. पूर्ण पाइप टायरच्या ट्यूबने गुंडाळू नये. आत चिखल आणि ओल साठते आणि बिघाड झाकला जातो.

पाइप बाइंडिंग तारेने बांधू नये, तार रबरात रुतते. रबर लावलेला क्लॅम्प वापरावा आणि तो पाइपच्या सरळ भागावर बसवावा, वळणावर नाही. सायलेन्सरजवळून जाणारा पाइप बाजूला घ्यावा, शक्य नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा. शेणखताचे काम संपल्यावर लोडर साध्या पाण्याने धुवावा आणि सांध्यांना ग्रीस द्यावे. उन्हाळ्यात ट्रॅक्टर सावलीत उभा करावा, बकेट जमिनीवर टेकवून.

रोजची पाच मिनिटे

काम सुरू करण्यापूर्वी, इंजिन बंद असताना हे पाहावे :

- कुठे तार दिसते का, रबराला भेग किंवा फुगा आहे का?
- नटाजवळ तेलावर धूळ बसून काळा चिखल झाला आहे का?
- क्लॅम्प ढिला आहे का, गार्ड सरकले आहे का?
- तेलाची पातळी कालपेक्षा खाली गेली आहे का?

फुगा आलेला किंवा तार दिसणारा पाइप त्याच दिवशी बदलावा. बारीक गळतीही छोटी समजू नये. एक थेंब ०.०५ मि.लि. धरला आणि सेकंदाला एक थेंब पडला, तर तासाला १८० मि.लि. आणि ८ तासांत सुमारे दीड लिटर तेल जाते. पाइप घासून तार उघडी पडली असेल, तर एम-सील किंवा टेपने काहीही साधत नाही.

गळती हाताने शोधू नका

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. वर सांगितलेल्या शेतकऱ्याने पाइप फुटण्याच्या आदल्या दिवशी इंजिन चालू ठेवून, पाइपवरून हात फिरवून गळती शोधली होती. त्याचे नशीब बलवत्तर. बारीक छिद्रातून येणारे तेल डोळ्यांना दिसत नाही आणि सुमारे ७ बार दाबाचे तेलही त्वचा भेदू शकते. लोडरमधला दाब त्याच्या वीसपट किंवा अधिक असतो.

अशी जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. त्यामुळे माणूस काम करत राहतो. आत मात्र तेल बोटातून तळहाताकडे पसरते आणि मांस सडू लागते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. हळद लावणे, शेकणे, दाबून तेल काढणे यात वेळ घालवू नये. ज्या रुग्णालयात हाताची शस्त्रक्रिया होते तिथे तातडीने जावे आणि ‘दाबाखालचे हायड्रॉलिक तेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा लांब तुकडा पाइपजवळ धरावा आणि चष्मा व हातमोजे घालावेत. हातमोजे या फवाऱ्यापासून वाचवत नाहीत, म्हणून हात लांबच ठेवावा. नट सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे आणि लिव्हर सर्व दिशांना दोन-तीन वेळा हलवून अडकलेला दाब सोडावा.

नवा पाइप घेताना

‘जाड पाइप म्हणजे मजबूत पाइप’ असे समजू नये. युरोपीय मानकानुसार एकेरी जाळीचा (१ एसएन) ३/८ इंची पाइप १८० बार दाबासाठी असतो, दुहेरी जाळीचा (२ एसएन) ३३० बारसाठी. १/२ इंची पाइपसाठी हेच आकडे १६० आणि २७५ बार आहेत. म्हणजे जाळी तीच ठेवून पाइप जाड केला तर दाब पेलण्याची क्षमता कमी होते. लोडरच्या पुस्तिकेत दिलेला दाब पाहूनच पाइप घ्यावा.

जुना पाइप सोबत न्यावा, पण माप मशिनवर घ्यावे, कारण जुना पाइप आधीच आखूड असू शकतो. पाइपवर छापलेले मानक आणि निर्मितीची तारीख पाहावी. जर्मन मानकात वापरातल्या होजचे आयुष्य साठवणीसह ६ वर्षे धरले आहे. आपल्या उन्हात आणि धुळीत त्याआधीच बदलणे शहाणपणाचे. पाइप कापल्यानंतर आत रबराचा व लोखंडाचा चुरा राहतो, तो हवेने साफ करून घ्यावा. अनेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. त्यामुळे पाइपमधला कचरा पंप, व्हॉल्व्ह आणि गिअरपर्यंत पोहोचतो. ट्रॉलीचा पाइप जोडतानाही कपलर पुसून घ्यावे आणि काम नसताना त्यावर टोपी लावावी.

कृषी सहायक आणि अवजार बँकांनी काय करावे?

अवजार बँकेत एक लोडर अनेक चालक वापरतात, त्यामुळे पाइपची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. प्रत्येक यंत्राच्या वहीत पाइप बसवल्याची तारीख, माप आणि बदलण्याची तारीख लिहावी. भुजा उचलणाऱ्या आणि बकेट फिरवणाऱ्या सिलिंडरचा प्रत्येकी एक पाइप आधीच तयार करून, दोन्ही टोके बंद करून सावलीत ठेवावा. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे. प्रात्यक्षिकात बकेट उचलून दाखवतो, तशी पुठ्ठ्याने गळती शोधण्याची पद्धतही दाखवावी.

करकपातीतून वाचलेल्या ३५ हजारांपैकी थोडे पैसे दोन जादा पाइप, गार्ड आणि क्लॅम्प यांसाठी बाजूला ठेवावेत. शेणखत पावसाआधी रानात पोहोचते की उकिरड्यावर राहते, हे अनेकदा तेवढ्यावर ठरते.