पडदा बसला, पण दिसतं किती?

"ऑपरेशन सक्सेस. पडदा बसला."

डॉक्टर थिएटरबाहेर येऊन एवढं बोलले आणि आम्ही सगळे रडायलाच लागलो. वहिनीने तिथूनच अंबरनाथच्या शिवमंदिराच्या दिशेला हात जोडले. मी पत्रकार, म्हणून घाई माझी जास्त. लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, "दादाचं ऑपरेशन यशस्वी."

आज त्याला दीड वर्ष झालं. दादा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायचा. आता बसत नाही. उजव्या डोळ्याने समोर माणूस उभा आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. सरळ रेघ वाकडी दिसते. पडदा मात्र बसलेला आहे! आजही तपासायला गेलो की डॉक्टर समाधानाने म्हणतात, "पडदा एकदम छान आहे."

म्हणजे डॉक्टर खोटं बोलले का? नाही. आणि आम्ही ऐकलं ते खरं होतं का? तेही नाही. या दोन 'नाहीं'च्या मधे जे काही हरवलं, त्यावर ही पोस्ट आहे. लांब आहे, पण घरात चाळिशीपुढचा डायबेटिसवाला किंवा जाड नंबरचा चष्मेवाला असेल तर पूर्ण वाचा.

आधी साधी गोष्ट. आपल्याकडे डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की डोक्यात फक्त मोतीबिंदू येतो. धूसर झालेली भिंग काढली, नवी बसवली, दुसऱ्या दिवशी काळा गॉगल लावून नेत्यासोबत फोटो. पडद्याचं तसं नाही. पडदा म्हणजे रेटिना, मेंदूचाच बाहेर आलेला पातळ भाग. तो बदलता येत नाही. "नेत्रदानातून नवीन डोळा बसवू" असं आमच्या एका नातेवाइकाने सांगितलं होतं. नेत्रदानातून बसवतात ती पुढची काच, बुबुळावरची. मागचा पडदा कुणाचा कुणाला लावता येत नाही. जो आहे तो वाचवायचा, एवढाच खेळ.

आता सक्सेस रेट. पडदा सुटला, तर पहिल्या ऑपरेशनमध्ये तो जागेवर बसण्याचं प्रमाण साधारण ८० ते ९० टक्के असतं. पुन्हा ऑपरेशन करावं लागलेले धरले तर ९५ च्या आसपास जातं. शंभर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमध्ये ज्यूल गोनँ या डॉक्टरांनी पडद्याचं भोक बंद केलं तर पडदा बसतो हे दाखवलं, त्याआधी पडदा सुटलेला माणूस जवळपास आंधळाच व्हायचा. त्या मानाने हे यश प्रचंडच आहे, ते कुणी नाकारू नये.

पण हा आकडा पडद्याचा आहे, नजरेचा नाही. नजर ठरते ती पडद्याच्या मध्यभागावर, ज्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं तिथून चालतं. मॅक्युला सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर बहुतेक वाचते. तो सुटला की घड्याळ सुरू. पहिल्या तीन दिवसांत किंवा निदान आठवड्याच्या आत ऑपरेशन झालेलं बरं, पुढे जसा उशीर होईल तशी परत येणारी नजर कमी होत जाते. भिंतीला कागद पुन्हा चिकटवता येतो हो, पण मधल्या काळात त्यावरची अक्षरं पुसली गेली तर चिकटवून काय वाचणार?

दादाचा मॅक्युला सुटून किती दिवस झाले होते? नऊ.

हे नऊ दिवस कुणी खाल्ले ते सांगतो, आणि सुरुवात माझ्यापासून करतो.

पहिल्या दिवशी दादा म्हणाला, "अरे, डोळ्यापुढे काळे दोरे तरंगतायत. मधेच वीज चमकल्यासारखं होतं." त्याला लहानपणापासून उणे नऊचा नंबर. मी म्हणालो, "नंबर वाढला असेल, चष्मा बदल." हे वाक्य माझं आहे. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला, नवी फ्रेम दिली, पैसे घेतले. बाहुली मोठी करून मागे कुणी पाहिलं नाही. मग मेडिकलवाल्याने थेंब दिले. मग कोपऱ्यातून काळी सावली वर चढायला लागली, तेव्हा कारखान्यात ऑर्डर होती म्हणून दादाने आणखी दोन दिवस काढले. मग एका दवाखान्यात गेलो. तिथे सांगितलं, "रेटिनाचं आमच्याकडे होत नाही, मुंबईला जा." मुंबईत पहिल्या ठिकाणी तारीख पुढची मिळाली, दुसऱ्या ठिकाणी ऑपरेशन झालं. तोवर मॅक्युला सुटून नऊ दिवस उलटले होते.

आणि यात सगळ्यात बोचणारी गोष्ट ऐका. दोरे तरंगणं आणि वीज चमकणं ही पडदा फाटल्याची खूण असू शकते, पण त्या वेळी तो सुटलेला असतोच असं नाही. अशा फाटीकडे दुर्लक्ष केलं तर निम्म्या लोकांचा पडदा पुढे सुटतो. वेळेत लेझर मारून फाट बंद केली तर हेच प्रमाण शंभरात पाचच्याही खाली येतं. लेझरला भरती व्हावं लागत नाही, ओपीडीत काही मिनिटांत होतं. दादाची पहिली दोन दिवसांतली तक्रार तीच होती. म्हणजे ज्याचा सौदा काही मिनिटांत आटपला असता, त्याला तीन ऑपरेशनं लागली.

हो, तीन. हेही आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात सिलिकॉन तेल भरलं. ते काही महिन्यांनी काढावं लागतं, ते दुसरं. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढण्याच्या या ऑपरेशननंतर पन्नाशीपुढच्या बहुतेकांना एक-दोन वर्षांत मोतीबिंदू वाढतो, ते तिसरं. तेलाऐवजी गॅस भरला असता तर दुसरं वाचलं असतं, पण काही दिवस मान खाली घालून राहावं लागतं. गॅस असेपर्यंत विमान बंद, आणि उंचावर जायचं तर डॉक्टरांना विचारून. आपल्याकडे अर्धं बदलापूर-अंबरनाथ जुन्नर-ओतूरकडचं. माळशेज घाट चढताना डोळ्यातला गॅस फुगून आतला दाब वाढू शकतो, हे गावाला निघालेल्या पेशंटला कोण सांगणार?

शिवाय शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या पडद्यावर व्रणासारखी पापुद्री तयार होते आणि ती पडदा पुन्हा ओढून काढते. जंतुसंसर्ग हजारात एकापेक्षाही कमी, पण झाला तर भयानक. हे सगळं फॉर्मवर होतं. फॉर्म इंग्रजीत होता. वहिनीने सही केली ती "इथे करा" म्हणून बोट दाखवलं तिथे.

समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००८ साली स्पष्ट सांगितलंय, की संमती म्हणजे नुसती सही नाही. काय करणार, कशासाठी, फायदा किती, दुसरा पर्याय काय, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे पेशंटला समजेल असं सांगायचं. निकालाला एवढी वर्षं झाली. उल्हासनगरात सिंधी, हिंदी, मराठी बोलणारा पेशंट अजून इंग्रजीतच सही करतोय.

इथे काही डॉक्टर मित्र म्हणतील, "अहो, एवढे धोके सांगितले तर पेशंट पळून जाईल." भीती खरी आहे. म्हणून तराजूचं दुसरं पारडंही सांगतो, कारण हल्ली व्हॉट्सॲपवर "डोळ्याला सुरी लावू देऊ नका, अमुक थेंब टाका" असले मेसेज फिरतात. पडदा पूर्ण सुटला आणि काहीच केलं नाही, तर तो डोळा जवळजवळ नक्की जातो. कुठलाही थेंब, कुठलाही काढा पडदा चिकटवत नाही. दादाला आज धूसर का होईना, रस्त्यावरची रिक्षा त्या बाजूने येताना दिसते. ऑपरेशन केलं नसतं तर तेही नसतं. म्हणून मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. ज्या सर्जनने ते केलं त्यांचे हात चांगलेच होते. त्यांच्यापर्यंत डोळा उशिरा पोचला.

डायबेटिसवाल्यांचा हिशोब तर याहून अवघड. तिथे डोळ्यात रक्त उतरतं, पडदा ओढला जातो. १९८५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांचं ऑपरेशन लवकर केलं त्यांच्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाला दोन वर्षांनी चांगली नजर मिळाली, ज्यांना थांबवलं त्यांच्यात १५ टक्क्यांना. पण त्याच अभ्यासात लवकर केलेल्यांपैकी २५ टक्क्यांना उजेडही दिसेनासा झाला, थांबवलेल्यांत १९ टक्क्यांना. तेव्हाची हत्यारं जाड होती, आता परिस्थिती खूप सुधारलीय. तरी धडा तोच आहे. एकाच ऑपरेशनचे दोन आकडे असतात, आणि पेशंटला दोन्ही कळायला हवेत.

त्यापेक्षा ऑपरेशनची वेळच न येऊ देणं शहाणपणाचं. देशात १० कोटींवर डायबेटिसवाले आहेत. चाळिशीपुढच्या डायबेटिसवाल्यांत पडद्याचा विकार साधारण १२.५ टक्क्यांना आढळला, नजर जाईल इतका पुढे गेलेला ४ टक्क्यांना. म्हणजे तुमच्या भागात असे हजार पेशंट असतील तर सव्वाशेंचा पडदा बिघडतोय, चाळीस जण कड्यावर उभे आहेत. त्यातल्या कित्येकांना आज सगळं स्वच्छ दिसतंय! वेळेत लेझर केलं तर गंभीर अंधत्व निम्म्याहून कमी होतं, हे १९७६ पासून माहीत आहे.

मग आता बॅनरवाल्यांकडे वळतो.

आपल्या तिन्ही शहरांत वाढदिवस कुणाचाही असो, "भव्य मोफत नेत्रतपासणी शिबीर" ठरलेलं. मी वीस वर्षं या बातम्या छापल्या. "शेकडो नागरिकांनी लाभ घेतला", खाली फोटो, फोटोत आमदार-नगरसेवक. एकदाही मी विचारलं नाही, की साहेब, किती जणांच्या बाहुल्या मोठ्या करून पडदा पाहिला? किती जणांना पुढे पाठवलं? त्यातले किती पोचले? तीन महिन्यांनी काय झालं? चष्मे वाटले, थेंब वाटले, मंडप उठला. हा माझ्या धंद्याचा गुन्हा आहे आणि मी तो कबूल करतो. यापुढे या चार प्रश्नांची उत्तरं नसलेली शिबिराची प्रेसनोट माझ्याकडून छापली जाणार नाही.

२०११ च्या जनगणनेतच उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून नऊ लाखांवर लोक होते. त्यानंतर टॉवर किती उभे राहिले ते तुम्ही बघताच. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. उद्घाटनाचे ढोल वाजले. आता आमचे साधे प्रश्न आहेत, प्रशासनाने जाहीर फलकावर उत्तर लावावं.

एक, पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा कुठे आहे आणि तो रोज चालतो का?

दोन, रेटिनाचे डॉक्टर आठवड्यातून कुठल्या दिवशी बसतात? लेझर कुठे होतं?

तीन, डायबेटिसच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकाचा पडदा वर्षातून एकदा तपासला जातो का? त्याची नोंद कुठे?

चार, पडदा सुटलेला पेशंट आला तर त्याच दिवशी त्याला सायनला किंवा जेजेला कोण पाठवतं? फोन करून खाट बघून पाठवतात, की चिठ्ठी हातात देऊन बदलापूर लोकलमध्ये ढकलतात?

उत्तर "सोय आहे" असेल तर तेही पहिल्या पानावर छापू. आनंदाने.

आणि तोपर्यंत आपण काय करायचं? अचानक काळे दोरे, वीज चमकणं, कोपऱ्यातून पडदा ओढल्यासारखी सावली, यातलं काहीही दिसलं की चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. ऑपरेशन सांगितलं तर घाबरू नका, पण पाच गोष्टी विचारा: मॅक्युला सुटलाय का? पडदा बसण्याची शक्यता किती आणि वाचता येण्याची किती? एकूण ऑपरेशनं किती लागू शकतात? नाही केलं तर काय होईल? किती दिवस थांबता येईल? फाइलची प्रत मागा, मागितल्यावर ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पडद्याच्या शस्त्रक्रियाही येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा.

परवा दादाकडे गेलो होतो. डाव्या डोळ्याचा नंबरही तेवढाच आहे, म्हणून आता दर सहा महिन्यांनी दाखवतो. गेल्या तपासणीत तिथेही एक बारीक फाट सापडली. लेझर झालं. संध्याकाळी घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "एवढंच होतं होय रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे असायला हवं, त्यांना टॅग करतोय. तुम्हीही करा.