तोफेची नळी आणि परीक्षकाचा शिक्का

२०२५ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने ३०७ स्वदेशी तोफा आणि त्या ओढणारी वाहने यांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार केले. पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या या तोफांपैकी साठ टक्के भारत फोर्ज आणि उरलेल्या टाटा समूहातील कंपनी तयार करणार आहे. खासगी उद्योगाचा हा प्रवेश स्वागतार्हच आहे. परंतु या मालाच्या गुणवत्तेची ग्वाही कोणी द्यायची, हा प्रश्न स्वागताच्या घोषात मागे पडता कामा नये.

ग्राहक माल पारखून घेतो, हे अर्थशास्त्रातील गृहीत धान्याच्या बाजारात बव्हंशी खरे ठरते. तोफेच्या नळीबाबत ते टिकत नाही. १५५ मिलिमीटर व्यासाची ही नळी सुमारे आठ मीटर लांब असते आणि प्रत्येक बाराबरोबर तिला प्रचंड दाब व उष्णता सोसावी लागते. पोलादात राहून गेलेली अशुद्धी किंवा सूक्ष्म तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. उत्पादकाला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसते. अशा स्थितीत केवळ कमी किमतीची निविदा स्वीकारली, तर प्रामाणिक उत्पादक मागे पडतो आणि चुकीची किंमत तोफेजवळ उभा असलेला जवान मोजतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. धनुष तोफेसाठी जर्मन बनावटीच्या म्हणून चिनी बेअरिंग पुरविल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१७ मध्ये गुन्हा नोंदविला होता. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरण येथील चाचणीत, आता मागणी नोंदविलेल्या याच प्रकारच्या तोफेची नळी फुटून चार जण जखमी झाले. अशा अपघातात दोष पोलादाचा की दारूगोळ्याचा, हे ठरविण्यासाठीही निःपक्षपाती परीक्षकच लागतो.

इंग्लंडने हा पेच दोन शतकांपूर्वी सोडविला. १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने बर्मिंगहॅम येथे बंदुकीच्या नळ्यांचे परीक्षागृह स्थापन झाले. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून नळी उडवून पाहावयाची आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का उठवावयाचा, अशी तेथील रीत. विशेष म्हणजे या परीक्षागृहाची मागणी खुद्द बंदूक-व्यावसायिकांनी केली होती आणि खर्चही त्यांनीच उचलला. कसोटीचा खरा लाभ सचोटीच्या उत्पादकालाच होतो, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. म्हणजे सरकार आज ग्राहक आहे, कंपन्यांचे मालक आहे आणि परीक्षकही आहे. ही तिहेरी भूमिका निकोप नव्हे. कारखाना सरकारी असो वा खासगी, तपासणीची यंत्रणा उत्पादन आणि खरेदी या दोहोंपासून स्वतंत्र हवी, आणि तिचे निष्कर्ष संसदेच्या समितीपुढे नियमितपणे ठेवले गेले पाहिजेत. तपासणीवरील खर्चात केलेली काटकसर ही काटकसर नव्हे. ते जवानाच्या जिवावर काढलेले कर्ज होय.