जंगलातले हॉटेल

आपल्याच कर्नाटक राज्यातील नागरहोळे राष्ट्रीय उद्यानाची ही हकिकत आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तेथील जेनू कुरुब लोक पिढ्यान्‌पिढ्या मध व कंदमुळे गोळा करून जगत आले. वन्यप्राण्यांना त्रास होतो, सबब तुम्ही बाहेर जा, असे त्यांना सांगण्यात येई. आणि त्याच उद्यानात मुर्कल येथील जागा मात्र पर्यटक-निवासासाठी एका मोठ्या हॉटेल कंपनीला भाडेपट्ट्याने दिली गेली! मध काढणारा माणूस वाघाला नको, पण मोटारी आणि विजेचे दिवे चालतात, हा कुठला न्याय?

आदिवासींनी १९९६ साली आंदोलन केले आणि न्यायालयातही दाद मागितली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे वनजमीन अन्य कामास देण्यापूर्वी केंद्र सरकारची मंजुरी लागते. ती घेतलेलीच नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा भाडेपट्टा बेकायदेशीर ठरवला.

पाहुण्यांना आमचा विरोध नाही. पण आपल्या ओढ्याविहिरींचे पाणी रानातूनच येते. म्हणून रानात बांधकाम निघाले, तर पाया खणण्याआधीच विचारावे: जमीन कोणाची? मंजुरीचा कागद कुठे आहे? सांडपाणी कोणत्या ओढ्यात जाणार? नोकऱ्यांच्या आश्वासनावर भुलू नये. एकट्याने विचारले तर उडवून लावतील. साऱ्या गावाने मिळून लेखी विचारावे.